पाणी घातल्याने आम्लारी आम्लधर्मी होत नाही

प्रश्न : ०.१ मोलर (दर लीटरला ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइडचे १० मिलिलीटर द्रावण पाणी घालून १ लीटर केले, तर त्याचा सामू (पीएच; २५ अंश सेल्सिअसला ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी) किती होईल? आणि तेच द्रावण विरल करत करत त्याची संहती १० चा उणे ८ वा घात मोलर इतकी खाली आणली, तर सूत्राने सामू ६ येतो. तीव्र आम्लारीचे द्रावण आम्लधर्मी कसे असू शकेल?
– बारावीचा एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : पहिला भाग सरळ आहे. पाणी घातल्याने विद्राव्याचे प्रमाण बदलत नाही, फक्त आकारमान १०० पट होते; म्हणून संहती ०.००१ मोलर उरते. सोडियम हायड्रॉक्साइडचे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण (आयनांत विभाजन) होत असल्याने हायड्रॉक्साइड आयनांची संहतीही तेवढीच असते. तिच्या लॉगॅरिदमचे चिन्ह बदलले की ३ मिळतात आणि १४ मधून ३ वजा केल्यावर सामू ११ येतो. येथे बेरियम हायड्रॉक्साइड असते, तर प्रत्येक एककातून दोन हायड्रॉक्साइड आयन सुटतात हे लक्षात घेऊन संहतीची दुप्पट करावी लागली असती, आणि परीक्षेत नेमकी हीच पायरी अनेकांकडून सुटते.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे मोल अधिक आहे, कारण सामू ६ हे उत्तर चुकीचे आहे हे तुम्ही आकडेमोडीवर विसंबून न राहता ओळखलेत. सूत्र वापरताना आपण सगळे हायड्रॉक्साइड आयन आम्लारीतूनच आले असे गृहीत धरतो. पण २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यातच त्यांची संहती १० चा उणे ७ वा घात मोलर, म्हणजे तुमच्या आम्लारीच्या दहापट असते. मात्र या दोन संहतींची नुसती बेरीज करूनही भागत नाही, कारण बाहेरून आलेल्या हायड्रॉक्साइडमुळे पाण्याचे स्वतःचे विचरण किंचित दबते. द्रावणातील धन व ऋण प्रभार समान असतात, म्हणून हायड्रॉक्साइडची एकूण संहती क्ष आणि आम्लारीची संहती स मानल्यास हायड्रोजन आयनांची संहती (क्ष − स) होते, आणि क्ष × (क्ष − स) हा गुणाकार १० चा उणे १४ वा घात इतका असतो. हे वर्गसमीकरण सोडवले की क्ष = १.०५ × (१० चा उणे ७ वा घात) मिळते आणि सामू ७.०२ येतो : उदासीन पाण्याच्या अगदी जवळचा, तरीही ७ पेक्षा जास्त.

आम्लारी १० चा उणे ६ वा घात मोलर किंवा त्याहून संहत असेल, तर नेहमीचे सूत्र पुरेसे अचूक असते. वजाबाकीतला १४ हा आकडा मात्र २५ अंशांपुरता आहे. ६० अंशांना तो सुमारे १३ होतो.

प्रयोगशाळेत ७.०२ मोजून पाहण्याचा प्रयत्न केलात, तर सामूमापक बहुधा ७ पेक्षा कमी आकडा दाखवेल. हवेतील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते आणि इतकी थोडी आम्लारी त्यापुढे टिकत नाही. म्हणून पाणी आधी उकळून, हवा न लागू देता थंड करून घ्यावे.