क्वांटम कॉम्प्युटर आला की आमच्या दवाखान्याचे एन्क्रिप्ट केलेले रेकॉर्ड उघडे पडतील का?

राजारामपुरीतल्या दवाखान्याचा बॅकअप रोज रात्री एन्क्रिप्ट करून क्लाउडवर जातो, आणि तुम्ही विचारताय की असलं मशीन यायला अजून वेळ आहे तर आत्तापासून डोकं कशाला लावायचं. लावायलाच पाहिजे ओ, कारण आज नेटवरनं जाणारा डेटा कुणी बंदच्या बंद उचलून ठेवला तर मशीन आल्यावर त्याला तो निवांत उघडता येतो, आणि तेव्हा तुमच्या हातात काहीच राहत नाही.

म्हणून आधी हे बघा की तुमचा डेटा किती वर्षं गुपित राहायला पाहिजे. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्यांचे सर्व्हर सांभाळतो, तिथं कास्टिंगचं ड्रॉइंग पार्ट बाजारात आला की फारसं गुपित राहत नाही, पण तुमच्याकडं एखाद्या दहा वर्षांच्या पोरीचा एचआयव्हीचा रिपोर्ट असला तर तो ती म्हातारी होईपर्यंत बाहेर येता कामा नये. मला तुमची काळजी जास्त वाटते ती यामुळंच.

गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं होतं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आरएसए (सगळ्यांना दिलेल्या पब्लिक चावीनं बंद करायचं आणि स्वतःकडच्या गुप्त चावीनं उघडायचं, ही पद्धत) फोडू शकतो, त्याच जातीच्या एलिप्टिक कर्व्हवाल्या चाव्याही त्यातच गेल्या. एईएसला, म्हणजे एकाच चावीनं बंद-उघड करणाऱ्या पद्धतीला, तसा धोका नाही, ग्रोव्हरच्या क्वांटम शोधपद्धतीनं त्याची ताकद फार तर निम्म्या बिटांवर येते, २५६ ची १२८ झाली तरी ती पुरते, म्हणजे एईएस-२५६ ला काही होत नाही. पण खरी गोम पुढं आहे, बरीच टूल्स फाइल एईएसनं बंद करतात आणि ती एईएसची चावी आरएसएनं बंद करून फाइलसोबतच ठेवतात, जीपीजी या एन्क्रिप्शन टूलमध्ये पब्लिक की वापरली की हेच होतं, मग आरएसए फुटलं की एईएस कितीही भक्कम असून काय उपयोग? नुसत्या लांबलचक पासफ्रेजवर बंद होणारी फाइल असेल तर ही भानगड नाही.

आता पाठवायचा रस्ता. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१६ पासून क्वांटमसमोर टिकतील अशा जगभरच्या पद्धती तपासून ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं काढली, त्यातलं एमएल-केईएम हे चावी ठरवण्यासाठीचं. बॅकअप एसएसएचवरनं (सर्व्हरशी एन्क्रिप्ट करून जोडणारी पद्धत) जात असेल तर कमांडला -v (लहान लिपीतला) लावून एकदा कनेक्ट करा, भराभर ओळी येतील, त्यात केईएक्स (kex, म्हणजे चावी ठरवण्याच्या) अल्गोरिदमची ओळ शोधा. तिथं एमएलकेईएम७६८ (mlkem768) किंवा एसएनटीआरयूपी७६१ (sntrup761) ही नवी नावं दिसली तर झालं, नुसतंच कर्व्ह२५५१९ (curve25519, एलिप्टिक कर्व्हवालं) दिसलं तर एक बाजू जुनी आहे. एसएसएचचं नेहमीचं सॉफ्टवेअर ओपनएसएसएच, त्याच्या ९.० म्हणजे २०२२ पासून हे आपोआप चालू असतं, त्यामुळं बहुतेक वेळा दोन्हीकडं अपडेट मारलं की काम होतं, पैसा लागत नाही.

या नावांत जुनं २५५१९ पण जोडलेलं दिसेल, ते मुद्दाम आहे, राहू द्या. साइक नावाची अशीच एक नवी पद्धत एनआयएसटीच्या तपासणीत चौथ्या फेरीपर्यंत पोचली होती आणि २०२२ मध्ये साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर तासाभरात फुटली, क्वांटम लागलंच नाही. तेव्हा नवीन आणि जुनं दोन्ही एकत्र. आणि कुणी "आमचं स्वतःचं गुप्त क्वांटम-प्रूफ सॉफ्टवेअर" म्हणून विकायला आलं तर दारातनंच परत पाठवा.

क्लाउडवरच्या जुन्या बॅकअपच्या चाव्या आरएसएवाल्या असतील तर ते उतरवून नव्यानं बंद करा आणि जुन्या कॉप्या काढून टाका. कुणी आधीच नेल्या असतील त्याला इलाज नाही. टूल कुठलं वापरताय ते कॉमेंटमध्ये टाका, सेटिंग बघून सांगतो.