पद्मिनीचे हेडलाइट मंद पडत असतील तर: रिले, अर्थिंग आणि जास्त वॅटच्या बल्बविषयी

तुमच्या १९७५ सालच्या प्रीमियर पद्मिनीबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. पसरणी घाटात हेडलाइट पिवळट आणि अपुरे वाटतात म्हणून १००/९० वॅटचे (अप्पर म्हणजे लांबच्या झोताला १००, डिपर म्हणजे जवळच्या झोताला ९०) हॅलोजन बल्ब घालावेत का, मागच्या दिव्यांत एलईडी बसवल्यापासून इंडिकेटर नीट का लुकलुकत नाहीत, आणि महाबळेश्वरच्या धुक्यासाठी फॉग लॅम्प जोडायचे तर वायर कोठून घ्यावी. गाडी २०१९ च्या महापुरात सांगलीत पाण्याखाली होती, ही गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. माझ्या मते दुखणे तिथेच आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

पुराच्या पाण्याने वायर बाहेरून खराब दिसत नाही. पाणी उघड्या टोकातून शिरते आणि तांब्याच्या बारीक तारांमधल्या फटींतून इन्सुलेशनच्या आत चढत जाते. गाडी धुऊन-पुसून उन्हात वाळवली तरी तो ओलावा आत राहतो. हेडलाइटमागच्या एका वायरचे टोक सोलून पाहा. तांबे लालसर आणि चकचकीत असेल तर उत्तम. काळपट किंवा हिरवट असेल तर थोडे आणखी मागे सोला. वीतभर आत जाऊनही तार काळीच निघत असेल, तिला डाख चिकटत नसेल आणि बोटांत वाकवल्यावर दोन-चार तारा मोडून येत असतील, तर ती वायर टेप गुंडाळून वापरण्याच्या पलीकडे गेलेली आहे.

बल्ब विकत घेण्याआधी मोजणी करा. इंजिन सुरू ठेवा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, अप्पर लावा आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, तर दुसरी होल्डरमधल्या अप्परच्या पिनवर मागच्या बाजूने टेकवा. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्टेज वाटेतच खर्च होत आहे. नंतर एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी होल्डरच्या अर्थच्या (करंट चॅसिसमार्गे मायनसकडे परत नेणाऱ्या) पिनवर ठेवून तीच मोजणी पुन्हा करा. बल्ब होल्डरमध्येच असला पाहिजे आणि पेटलेला असला पाहिजे. बल्ब काढून मोजले तर करंट वाहतच नाही आणि सडलेली वायरसुद्धा निर्दोष ठरते. दोन्ही बाजूंची तूट मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असावी. फिलामेंटच्या बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे दीड व्होल्टची तूट म्हणजे एक तृतीयांश उजेड रस्त्यावर पोहोचण्याआधीच गेला असे समजावे.

जुन्या गाड्यांत निम्मा दोष बहुधा अर्थच्या बाजूला सापडतो. हेडलाइटच्या वाटीचा अर्थ रंगवलेल्या पत्र्यातून आणि गंजलेल्या स्क्रूमधून जातो, आणि गाडी पुन्हा रंगवताना ती जागा कोणी रिकामी ठेवत नाही. प्रत्येक दिव्यासाठी स्वतंत्र अर्थची वायर घ्या, चॅसिसवर रुपयाएवढी जागा पत्रा उघडा होईपर्यंत घासा, थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) आणि दातेरी वायसर लावून बोल्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन फासा. खर्च नगण्य आहे. काही गाड्यांत एवढ्यानेच काम भागते.

आता १००/९० विषयी. मूळचे ४५/४० वॅटचे दोन बल्ब अप्परवर साडेसात अँपिअरच्या आसपास घेतात. १०० वॅटचे दोन घेतील सोळा ते सतरा. हा सगळा करंट पन्नास वर्षांपूर्वीच्या स्विचमधल्या पितळी पट्ट्यांतून आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असलेल्या जुन्या फ्यूजच्या काळवंडलेल्या क्लिपांतून जाणार. करंट वाढला की तूटही त्याच प्रमाणात वाढते, म्हणून बल्ब दुप्पट वॅटचा घालूनही उजेड दुप्पट होत नाही. होल्डर मात्र वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा करपतो, आणि समोरून येणाऱ्या एसटीच्या चालकाला काही दिसेनासे होते ते वेगळेच. असे बल्ब रस्त्यावर वापरण्यासाठी मान्य नाहीत. माझे मत स्पष्ट आहे: ६०/५५ वॅटचे एच-फोर (अप्पर आणि डिपर दोन्ही एकाच बल्बात असलेले हॅलोजन) बल्ब, त्यासाठीच बनवलेली सात इंची वाटी-काच आणि रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणारे नवे हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एवढेच करावे. काच घेताना ती डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठीच आहे याची खात्री करा. युरोपातून मागवलेल्या जुन्या फियाटच्या काचा दिसायला सुंदर असतात, पण त्या तिकडच्या रस्त्यांसाठी घडवलेल्या असल्याने डिपरचा झोत उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत फेकतात.

रिलेची जोडणी अवघड नाही. डिपरसाठी एक आणि अप्परसाठी एक असे चार पिनांचे दोन रिले घ्या. बॅटरीच्या प्लसवरून चार चौरस मिलिमीटरची वायर काढा, बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवा आणि तिथून ३० क्रमांकाच्या पिनेवर आणा; ८७ वरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर दिव्यांकडे जाईल; ८५ ला अर्थ द्या आणि ८६ वर अप्पर किंवा डिपरची जुनी वायर येऊ द्या. आता जुन्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट वाहील आणि तो पाव अँपिअरही नसतो. डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही पूर्वीसारखाच चालू राहील. डिपर आणि अप्पर यांना एकच फ्यूज कधीही देऊ नका. दोघांना पंधरा अँपिअरचे वेगवेगळे फ्यूज असले, तर रात्री घाटाच्या वळणावर एक उडाला तरी दुसऱ्यावर गाडी बाजूला घेता येते. रिले पिना खाली करून, रेडिएटरवरचे पाणी उडणार नाही आणि बॅटरीची वाफ लागणार नाही अशा जागी बसवा. वायर गाड्यांसाठीची घ्यावी. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी घरगुती वायर इंजिनाची उष्णता, तेल आणि हादरे यांसाठी बनवलेली नसते. पत्र्यातून जाईल तिथे वायर घासू न देणारे रबरी कडे, म्हणजे ग्रोमेट, हवेच. थिंबल चांगल्या पकडीने दाबून बसवावे. नुसत्या डाखावर भरवसा ठेवला तर डाख संपतो त्या ताठ जागी हादऱ्यांनी तार तुटते. आणि हे सर्व करण्याआधी बॅटरीची वायर सोडायला विसरू नका.

माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: जुने हार्नेस कापू नका. जुन्या होल्डरचे तोंड नव्या हार्नेसच्या रिलेकडच्या पिनांत खोचता येते, असे तयार संचही बाजारात मिळतात, आणि उद्या सगळे उपटून गाडी मूळ स्थितीत आणता येते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची गाडी त्या वयाला पोहोचलीच आहे. अर्थात अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा दर सुट्टीत महाबळेश्वर गाठायचे असेल तर तो विचार सध्या बाजूला ठेवलेला बरा. वायर आतपर्यंत काळी निघाली, तर मात्र मूळ रंगसंगतीप्रमाणे पूर्ण हार्नेस नवे बांधून घ्या. तिथे मूळपणाचा हट्ट धरणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

इंडिकेटरचे कारण सोपे आहे. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) आतली पट्टी तापून चालतो आणि ती तापण्यासाठी २१ वॅटच्या बल्बांचा करंट लागतो. एलईडी तेवढा घेतच नाही. एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा. त्याला बहुधा अर्थची तिसरी वायर द्यावी लागते. मागच्या लाल काचेआड लाल एलईडीच घाला, पांढरा घातल्यास ब्रेकचा दिवा गुलाबी दिसतो. टेल आणि ब्रेक यांच्या तेजातला फरकही तपासा, कारण स्वस्त एलईडीत तो इतका कमी असतो की मागून येणाऱ्याला ब्रेक लागल्याचे कळत नाही. गळिताच्या हंगामात आपल्याकडे मागे दिवाच नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक समोर येतात, आणि त्या वेळी तुम्ही मारलेला ब्रेक मागच्या गाडीला लगेच दिसायला हवा. खरे तर होल्डर स्वच्छ करून मूळचे २१/५ वॅटचे बल्ब घातले तरी चांगले दिसते.

फॉग लॅम्पची घाई करू नका. गाडीत अजून डायनमो असेल तर इंजिन मंद चालत असताना तो फारसे चार्जिंग देत नाही. हेडलाइट, वायपर आणि वर ५५ वॅटचे दोन फॉग लॅम्प हा भार बॅटरीवर पडतो. डिपर आणि वायपर लावून, इंजिन घाटात चालते तेवढ्या वेगाने फिरवत बॅटरीचे व्होल्टेज पाहा. ते तेरा व्होल्टच्या खाली उतरत असेल तर आधी डायनमो आणि कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनमोत जाऊ न देणारा भाग) तपासून घ्या. त्यानंतर फॉग लॅम्प बंपरखाली, तिसऱ्या रिलेवर आणि स्वतंत्र फ्यूजवर लावा. त्या रिलेच्या कॉइलला पार्किंग लाइटवरून वायर दिली, तर दिवे बंद केल्यावर तेही आपोआप बंद होतील.

शेवटी झोत जुळवून घ्या. सपाट जागेवर, टायरमध्ये योग्य हवा आणि गाडीत नेहमीइतकी माणसे असताना, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली आली पाहिजे. तूट मोजल्यावर दोन्ही आकडे कळवा, आणि डायनमो आहे की अल्टरनेटर तेही लिहा. त्यावरून वायरची जाडी बदलावी लागेल का ते सांगता येईल.