वाचकांचे प्रश्न : गोष्ट मांजरापासून सुरू करा

होलोकॉस्टवर, म्हणजे हिटलरच्या नाझी जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात केलेल्या ज्यूंच्या कत्तलीवर, मी मराठीत गोष्टी लिहिते, मुलांसाठीही आणि मोठ्यांसाठीही, त्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा असं मागच्या अंकात छापलं होतं. ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर पत्रं आली, सगळी वाचली. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत कारण तिथे घाई करून चालणार नव्हतं.

प्रश्न : ताई, तुम्ही पहिल्यापासून ठाण्याच्या, जर्मनी-पोलंडशी तुमचा काही संबंध नाही, मग हा विषय कुठून आला? आपल्याकडची दुःखं काय कमी आहेत? – निवृत्त शिक्षक, नौपाडा

सर, विषय शेजारून आला. लहानपणी आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तुम्ही पाहिलं असेलच, १८७९ सालचं आहे. कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. मावशी आपल्यासारखंच मराठी बोलायच्या, नऊवारी नेसायच्या, शनिवारी चूल पेटवायच्या नाहीत एवढाच काय तो फरक मला माहीत होता. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी, असला की पोहे-खोबरं-गूळ आणि फळं असं ताट आमच्याकडे यायचं. ज्यू म्हणजे कोणीतरी वेगळं, आणि त्यांचा कुणी द्वेष करतं, हे मला कॉलेजला जाईपर्यंत खरंच माहीत नव्हतं.

मग मावशी मुलांबरोबर इस्राएलला गेल्या आणि बऱ्याच वर्षांनी एकदा भेटायला आल्या तेव्हा आईला सांगत होत्या की तिकडे शेजारी एक बाई आहे, तिच्या हातावर नंबर गोंदलाय, आणि ती रोज रात्री पावाचा तुकडा उशीखाली ठेवून झोपते. "अगं फ्रीज भरलेला असतो तिचा, तरी ठेवते." मी तिथेच मेथी निवडत बसले होते. तो पाव काही डोक्यातून गेला नाही. असे नंबर फक्त आउशविट्झ या नाझींच्या छावणीत गोंदायचे हे नंतर वाचून कळलं, म्हणजे ती बाई कुठून आली होती हे मावशींच्या एका वाक्यात होतंच, मला ते वाचता येत नव्हतं.

आपल्याकडचं लिहायलाच हवं, त्यात वादच नाही, आणि लिहिणारी मोठी माणसं आहेत. मी त्या पावामुळे इकडे बांधली गेले.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. मोबाईलवर त्याने कुठेतरी प्रेतांच्या ढिगाऱ्याचा फोटो पाहिला आणि दोन रात्री झोपला नाही. आता सारखं विचारतो. किती वयाला सांगावं? – एक आई, वाशी

आधी त्याला जवळ घेऊन सांगा की तो फोटो खरा आहे, आणि तो तुझ्या वयाच्या मुलाने एकट्याने बघायचा फोटो नाही. "खोटं आहे रे ते" असं प्लीज म्हणू नका, दोन-तीन वर्षांत त्याला कळेलच आणि मग तो तुम्हाला विचारायचं बंद करेल.

नऊ वर्षांच्या मुलाला गॅस चेंबर, म्हणजे विषारी वायूने माणसं मारायच्या खोल्या, सांगायची गरज नाही, पण नियम सांगता येतात. मी मुलांची गोष्ट नेहमी नियमांपासून सुरू करते, कारण नियम म्हणजे काय हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत हुकूम निघाला की ज्यू मुलांनी सरकारी शाळेत यायचं नाही. म्हणजे काल बाकावर शेजारी बसलेला मुलगा आज नाही, आणि बाईंनी हजेरी घेताना त्याचं नावच घेतलं नाही. मग पोहण्याचा तलाव बंद, थिएटर बंद, हॉलंडमध्ये सायकली जमा करून घेतल्या. आणि मग मे १९४२ मध्ये जर्मनीत ज्यूंनी घरात कुठलाही प्राणी पाळायचा नाही असा नियम आला.

ड्रेस्डेन शहरात व्हिक्टर क्लेम्पेरर नावाचे प्राध्यापक होते, त्यांना ज्यू म्हणून युनिव्हर्सिटीतून काढलं, घरातून काढून ज्यूंसाठी ठेवलेल्या इमारतीत कोंबलं, आणि शेवटी त्यांचं मांजर. त्याचं नाव मुशेल, म्हणजे शिंपला. मी शाळांमध्ये गोष्ट सांगते तेव्हा इथे पूर्ण वर्ग गप्प होतो. साठ लाख ज्यू मारले हा आकडा सांगितला की मुलं वहीत लिहून घेतात, मांजर सांगितलं की हात वर होतात.

त्याने विचारलं की पुढे ती माणसं मेली का, तर हो म्हणा. सुमारे १५ लाख मुलंसुद्धा मेली हेही खरं आहे. कशी मेली हे आज सांगू नका, "मोठा झालास की आपण दोघं वाचू" म्हणा आणि तेव्हा खरंच बसा त्याच्याबरोबर. बारा-तेरा वर्षांचा झाला की अॅन फ्रँकची, म्हणजे हॉलंडमध्ये लपून राहिलेल्या ज्यू मुलीची, डायरी द्या, फक्त एक लक्षात ठेवा की ती डायरी १ ऑगस्ट १९४४ ला थांबते आणि ४ तारखेला त्यांना पकडलं, त्यामुळे पुढचं त्यात काहीच नाही. पुस्तक मिटल्यावर बर्गन-बेल्सनबद्दल, ज्या छावणीत अॅन मेली, मोठ्यांनी सांगायचं असतं, आणि ते बहुतेक घरांत राहून जातं.

प्रश्न : मला या विषयावर कादंबरी लिहायची आहे. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी लिहिताना काय बदलतं? आणि कल्पना किती चालते? – कॉलेज विद्यार्थिनी, ऐरोली

एकच प्रसंग घेते म्हणजे पटकन कळेल. पोलंडमधल्या वॉर्सा घेट्टोमध्ये, म्हणजे ज्यूंना भिंत घालून कोंडलेल्या वस्तीत, यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवायचे, पोलंडमध्ये मुलांचे लेखक आणि रेडिओवरचे म्हातारे डॉक्टर म्हणून घराघरात माहीत होते. १८ जुलै १९४२ ला त्यांच्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' नाटक केलं. हो, आपले रवींद्रनाथ. आजारी अमल, ज्याला खोलीबाहेर जायची परवानगी नाही, तो खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट बघतो, आणि ते नाटक करणारी मुलं भिंतीच्या आत कोंडलेली. चार दिवसांनी घेट्टोतून ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला गाड्या सुटायला लागल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जवळजवळ २०० मुलं आणि कोर्चाक त्याच गाडीने गेले. त्यांना स्वतःला वाचवायची संधी होती, ते मुलांना सोडून गेले नाहीत.

मुलांसाठी मी ही गोष्ट तालमीपासून लिहिली, पाठ न होणारं वाक्य, पोटात भूक, पडदा कशाचा करायचा, आणि मुलं डॉक्टरांबरोबर रांगेत बाहेर पडतात तिथे थांबले. शेवटी एका पानावर साध्या शब्दांत लिहिलं की यातलं कुणी परत आलं नाही. मोठ्यांसाठी तीच गोष्ट लिहिली तेव्हा मी तालमीत गेलेच नाही. मी त्या माणसापाशी थांबले ज्याच्याकडे गाडीत किती माणसं भरली याचा कागद आहे, तो घरी गेल्यावर जेवतो, त्याची मुलगी शाळेत काय झालं ते सांगते. मोठ्या वाचकाला मी त्या रांगेत उभं नाही करत, टेबलामागे बसवते. तिथे त्याला जास्त त्रास होतो आणि तो व्हावा असं मला वाटतं.

कल्पनेचं म्हणशील तर मुलाचं नाव, स्वप्न, आईशी भांडण, हे सगळं तुझं. तारीख, ठिकाण, नियम, गाडी कुठून कुठे गेली, हे तुझं नाही, त्याला हात लावायचा नाही. लहान पोरगं छावणीत महिनोन्महिने कुंपणापाशी रमतगमत बसलंय, बाहेरच्या मित्राशी गप्पा मारतंय असं कधी लिहू नकोस, कारण आउशविट्झमधल्या बिर्केनाऊला गाडीतून उतरलेल्या लहान मुलांपैकी बहुतेकांना त्याच दिवशी थेट गॅसकडे नेलं. गोष्ट गोड होते आणि वाचणाऱ्या मुलाच्या डोक्यात कायमचं चुकीचं बसतं. आणि असलं खोटं होलोकॉस्ट झालाच नाही म्हणणाऱ्यांच्या हातात जातं, "बघा, तेवढं काही वाईट नव्हतं" म्हणायला. वॉर्सात एमानुएल रिंगेलब्लुम नावाचे इतिहासकार आणि त्यांच्या लोकांनी जीव धोक्यात घालून रेशनचे कागद, मुलांचे निबंध, पोस्टर असं सगळं गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. त्यातलं काही १९४६ ला सापडलं, काही १९५० ला. ज्यांनी मरायच्या आधी पुरावा पुरून ठेवला त्यांच्या विषयावर लिहिताना आपण एक तारीख तपासायचा आळस करायचा नाही.

प्रश्न : तुम्ही काही ठिकाणी 'छळछावणी' लिहिता आणि काही ठिकाणी 'मृत्युछावणी'. मुद्दाम का? – घोडबंदर रोड

मुद्दाम. डाखाऊ ही छळछावणी, १९३३ पासून होती, तिथे लोकांना कोंडलं, राबवलं, हजारो मेलेही. ट्रेब्लिंका वेगळी. तिथे छळ करायला कुणाला ठेवून घेतच नव्हते, गाडी आली की काही तासांत जवळजवळ सगळे संपलेले, आठ लाखांहून जास्त माणसं सव्वा-दीड वर्षात. त्याला छळछावणी म्हटलं की शब्दच कमी पडतो. आणि अजून एक, होलोकॉस्ट हा शब्द मूळ ग्रीक, अग्नीत पूर्ण अर्पण केलेला बळी असा अर्थ, म्हणून कितीतरी ज्यू लोक 'शोआ' म्हणतात, म्हणजे घोर संकट. मराठीत कुणी याला यज्ञ किंवा आहुती म्हटलं की मी संपादकांना फोन करून बदलायला लावते. कुणी कुणाला काही अर्पण केलं नव्हतं.

प्रश्न : माझं माहेर कोल्हापूर. आजी सांगायची की वळिवड्याला पोलंडचे लोक राहायचे. ते होलोकॉस्टमधून आलेले का? – नेरुळ

नाही, आणि बरं झालं विचारलंत, ही गल्लत खूप होते. वळिवड्याचा कॅम्प १९४३ ते १९४८, जवळपास ५००० पोलिश लोक, बायका-मुलं जास्त. त्यांना १९४० च्या सुमारास सोव्हिएत सरकारने घरातून उचलून सायबेरियाकडे पाठवलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ते इथे आले. बहुतेक कॅथलिक होते. त्यांचे हाल वेगळे आणि ते स्वतंत्रपणे लिहायला हवं. आजीच्या आठवणी कुणी टिपून ठेवल्या नसतील तर तुम्ही ठेवा, बाजारात ते काय घ्यायचे, मराठी कसं बोलायचे, तेवढंही चालेल.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा. स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाडीवरून हिटलरचं पुस्तक आणलं, आता म्हणतो असा कडक नेता पाहिजे, देश सुधारला त्याने. ओरडलो तर अजून हट्टाला पेटतो. काय करू? – एक वडील, घणसोली

तुमच्यासारखी अजून सात पत्रं आहेत. दादा, ओरडू नका आणि पुस्तक फाडू नका. त्याला नेता आवडलाय कारण त्याला आजूबाजूला गोंधळ दिसतो, गाड्यांची गर्दी, अॅडमिशनचं टेन्शन, आणि कुणीतरी टेबलावर हात आपटून सगळं सरळ करेल असं वाटतं. ते वाटणं समजून घ्या. आणि मग त्याच्याबरोबर बसून तेच पुस्तक उघडा. त्यात हिटलरने भारताबद्दल लिहिलंय, की भारत दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला मला आवडेल. स्वातंत्र्य मागणाऱ्या आपल्या लोकांची त्याला काडीची किंमत नव्हती. पोरं पुस्तक विकत घेतात पण हे पान सहसा वाचलेलं नसतं.

मग त्याला सांगा की 'देशासाठी' म्हणून त्याने आधी कुणाला मारलं. १९३९ पासून जर्मनीतल्याच, त्यांच्या भाषेत शुद्ध आर्य असलेल्या आईबापांची अपंग आणि गतिमंद मुलं दवाखान्यांत मारली गेली. मग मोठे रुग्ण. ऑगस्ट १९४१ पर्यंत ७०,००० हून जास्त माणसं, गॅस चेंबर पहिल्यांदा त्यांच्यावर वापरले. आईबापांना पत्र जायचं की तुमचा मुलगा न्यूमोनियाने गेला वगैरे. मी हे कोपरखैरणेच्या एका क्लासमध्ये सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तोपर्यंत माझ्याशी वाद घालत होता, तो म्हणाला माझ्या बहिणीला डाउन सिंड्रोम आहे. आणि मग काही बोलला नाही. मीही नाही बोलले.

शेवटचं म्हणजे वय. ऑक्टोबर १९४४ मध्ये हरत आलेल्या हिटलरने फोक्सस्टुर्म नावाची फौज काढली, १६ ते ६० वयाच्या सगळ्या पुरुषांना बोलावलं. शेवटी शेवटी त्याहून लहान पोरं बर्लिनच्या रस्त्यावर रणगाड्यांसमोर उभी होती आणि नेता जमिनीखाली बंकरमध्ये. तुमचा मुलगा १६ चा आहे. हे त्याला टोमण्यासारखं नका सांगू, जेवताना शांतपणे सांगा, आणि त्याचं म्हणणं पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका. लगेच फरक पडेल असं नाही. त्याला हवं असेल तर मला लिहायला सांगा, मी उत्तर देईन, नक्की.

प्रश्न : तुम्ही आमच्या शाळेत मुशेलची गोष्ट सांगितली. त्यांनी मांजर दुसऱ्या कुणाला का नाही देऊन टाकलं? मी घेतलं असतं. – इयत्ता सहावी, ऐरोली

बाळा, तोही नियमच होता. ज्यूंच्या घरातला प्राणी दुसऱ्या कुणाला सांभाळायला द्यायला बंदी होती, जमा करायचा आणि मग तो मारला जायचा. म्हणून क्लेम्पेररांच्या बायकोने, त्यांचं नाव इव्हा, मांजराला खोक्यात घालून स्वतः डॉक्टरकडे नेलं, म्हणजे निदान घाबरून, अनोळखी लोकांत तरी ते मरू नये, आणि शेवटपर्यंत तिथे थांबल्या. इव्हा ज्यू नव्हत्या. नवऱ्याला सोडलं असतं तर त्यांच्यावरचे हे नियम गेले असते, पण त्या सोडून गेल्या नाहीत आणि त्यामुळेच क्लेम्पेरर बराच काळ वाचले.

ते रोज डायरी लिहायचे. ती सापडली असती तर दोघांचा जीव गेला असता, त्यामुळे इव्हा लिहिलेली पानं लपवून पिर्ना गावातल्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे नेऊन ठेवायच्या. तिने ती लढाई संपेपर्यंत सांभाळली. दोघं वाचले, पानंही वाचली. त्या पानांत मांजराचं नाव होतं.