खाडीतल्या माशांचा अभ्यास सुरू करताना

आधी मासे मोजू नकोस, पाणी मोज. समुद्राची क्षारता हजारी सुमारे ३५ असते, नदीची जवळपास शून्य. खाडीत ती दर भरतीला सरकते. खारं पाणी जड, म्हणून तळाशी. फक्त वरचं पाणी घेतलंस, तर तळाच्या माशांबद्दलचा निष्कर्ष चुकलाच म्हणून समज. मीही सुरुवातीला तेच केलं आणि पूर्ण हंगामाची नोंद वाया गेली. उधाणाचे (मोठ्या भरती-ओहोटीचे) नमुने भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) नमुन्यांशी थेट ताडूनही पाहू नकोस.

मग प्रश्न येतो कोण कोणाला खातं याचा. पोट तपासलं की शेवटचं जेवण कळतं, महिन्याभराचं नाही. त्यासाठी स्नायूतला नायट्रोजन-१५, म्हणजे नायट्रोजनचा जड समस्थानिक, बघ: अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की त्याचं प्रमाण सरासरी हजारी ३.४ ने वाढतं. कार्बनच्या समस्थानिकांवरून मूळ अन्न खारफुटीचं की प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं), याचा अंदाज येतो. एकोपाथसारखं, अन्नजाळ्याचा हिशोब मांडणारं संगणकी मॉडेल त्यानंतर. आकडे कच्चे असताना मॉडेल चालवायची घाई फार जण करतात, आणि मला ते खरंच खुपतं.

व्यवस्थापनात जाळ्याच्या आसाचा (छिद्राचा) आकार महत्त्वाचा आहेच, पण वरच्या धरणातून गोडं पाणी कधी आणि किती सुटतं, हेही तितकंच विचार. कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात जातात. तिथली पकड इथल्या प्रवाहावर अवलंबून असते. मच्छीमारांना वर्ष विचारू नकोस, कुठला मासा कुठल्या भरतीला मिळेनासा झाला ते विचार.