नदीच्या बंदरात छोट्या युद्धनौकेलाही टग (जहाजांना ओढणारी-ढकलणारी ताकदवान बोट) का लागते?

मुख्य कारण प्रवाह: धक्क्याला लागताना वेग इतका कमी करावा लागतो की सुकाण नीट काम करत नाही आणि पाणी जहाजाला ओढून नेतं. लंडनचंच बघा. उधाणाला थेम्सचं पाणी तिथे सुमारे ७ मीटर चढतं-उतरतं. पाहुणी युद्धनौका टॉवर ब्रिजच्या ६१ मीटर रुंद गाळ्यातून आत येते आणि बरेचदा 'बेलफास्ट' या संग्रहालय-जहाजाला खेटून बांधतात. चूक सुधारायला जागाच नाही. त्यात अनेक युद्धनौकांच्या नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, सोनारचा (ध्वनिलहरींनी पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रणेचा) नाजूक घुमट असतो, तो आपटला तर मोठं नुकसान. म्हणून टग दोर लावून तयार ठेवतात. इंजिन अडलं तर ती लगेच सावरते. बो थ्रस्टर (जहाजाचं पुढचं टोक बाजूला ढकलणारा पंखा) असलेल्या लहान नौका मात्र शांत पाण्यात टगशिवायही धक्क्याला लागू शकतात.