२०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर पेटलेल्या आंदोलनांमुळे कोरोना वाढला का?

देशपातळीवर तरी तसं दिसलं नाही. जून २०२० मध्येच काही अर्थशास्त्रज्ञांनी ३१५ मोठ्या शहरांचा डेटा तपासला, आंदोलन सुरू झाल्यावर तीन आठवड्यांहून जास्त काळ बघूनही केसेस त्यामुळे उसळल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कारण गमतीशीर आहे, मोबाईल लोकेशनवरून दिसलं की ज्या शहरात मोर्चे निघाले तिथे एकूण लोक उलट जास्त घरी थांबले, म्हणजे रस्त्यावर गर्दी, कर्फ्यू, तोडफोडीची भीती हे सगळं बघून बाकीच्यांनी हॉटेल-बाजार टाळला असणार. शिवाय मोर्चे उघड्यावर होते आणि बऱ्याच जणांच्या तोंडाला मास्क होता, बंद खोलीपेक्षा तिथे धोका कमीच.

पण याचा अर्थ मोर्चात कोणालाच लागण झाली नाही असा काढू नका, तो अभ्यास अख्ख्या शहराचा हिशोब सांगतो, मोर्चात घोषणा देणाऱ्या किंवा अश्रुधुराने खोकत पळणाऱ्या एका माणसाचा नाही. त्यात न्यूयॉर्कमध्ये पेशंट कोणाकोणाच्या संपर्कात आला हे फोन करून शोधणाऱ्या ट्रेसर लोकांना "मोर्चाला गेला होतात का" हे स्वतःहून विचारायचंच नाही असं सांगितलं होतं, मग थेट माहिती येणार कुठून! आणि लोक चिडले ते वेगळ्याच कारणाने, एप्रिलमध्ये आरोग्य क्षेत्रातल्या लोकांनी लॉकडाऊनविरोधी मोर्च्यांना नावं ठेवली होती, आणि जूनमध्ये त्याच क्षेत्रातल्या हजारावर लोकांनी या आंदोलनांना पाठिंब्याचं पत्र काढलं, वर्णद्वेष हाही आरोग्याचाच प्रश्न आहे म्हणून. तो मुद्दा पटो न पटो, व्हायरसला दोन्ही मोर्चे सारखेच.