असा कोणी हुशार संशोधक आहे का, ज्याच्या शोधांनी नकळत जगाचं मोठं नुकसान झालं?

आहे. थॉमस मिजली, अमेरिकन, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. जनरल मोटर्समध्ये असताना १९२१ साली त्याला सापडलं की पेट्रोलमध्ये जरासं टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचं एक संयुग, घातलं की इंजिनाची ठकठक थांबते. शिसं विषारी असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणूनच की काय, विकताना नाव ठेवलं नुसतं 'एथिल'.

१९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे रसायन बनवणारे कामगार भ्रमिष्ट झाले, काही दगावले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर ते हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर हुंगूनही दाखवलं. आदल्याच वर्षी शिसं बाधलं म्हणून हा गडी स्वतः फ्लोरिडाला हवापालट करून आला होता! त्यामुळे शिशाच्या बाबतीत 'नकळत' हा शब्द मला तरी पटत नाही.

त्याचा दुसरा शोध म्हणजे फ्रिऑन, फ्रिजमध्ये थंडावा आणणारा वायू. त्याचं मात्र तसं नाही. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायू असत, गळती झाली की जिवावर बेतायचं. फ्रिऑन ना विषारी, ना ज्वालाग्राही. त्याने ओझोनचा थर विरतो हे शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सांगितलं, तोवर मिजलीला जाऊन ३० वर्षं झाली होती. पोलिओने पाय गेल्यावर अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोर-कप्प्यांची योजना केली होती, त्याच दोरांत गळा आवळून तो गेला.

शिसंवालं पेट्रोल आपल्याकडे २००० मध्ये बंद झालं. सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये.